तीन रुपयांची वाट : मदुराई ते तिरुवन्नामलाई

तमिळनाडूत अरुणाचल डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या तिरुवन्नामलाईला जाणारे बहुतेक जण चेन्नईहून किंवा बंगळुरूहून थेट येतात. दोन्हीकडून अंतर साधारण दोनशे किलोमीटर, चार-पाच तासांचा रस्ता. रमणाश्रमात राहायचं, डोंगर चढायचा, प्रदक्षिणा घालायची आणि परत फिरायचं. यात काही चूक नाही. पण 'मी कोण' हा एकच प्रश्न विचारायला शिकवणारे, ज्यांच्या नावाचा हा आश्रम ते रमण महर्षी तिथे पोचले ते वेगळ्या वाटेने. त्यांचं मूळ नाव वेंकटरामन. 29 ऑगस्ट 1896 ला सोळा वर्षांचा वेंकटरामन मदुराईहून निघाला आणि 1 सप्टेंबरला सकाळी तिरुवन्नामलाईत उतरला. त्या वाटेवरची गावं, देवळं, स्टेशनं आजही जागेवर आहेत. म्हणून सुरुवात मदुराईपासून केली. महिना जानेवारीचा. एप्रिल-मेमध्ये या भागात दगडावर पाय ठेववत नाही, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस असतो.

पहिला दिवस : मदुराई

मीनाक्षी मंदिराच्या दक्षिण गोपुराच्या जवळच चोक्कप्पा नायकन स्ट्रीट ही गल्ली आहे. दुकानं, दुचाक्या, हातगाड्या यांच्या गर्दीत 'रमण मंदिरम्' चटकन दिसतही नाही. हे काका सुब्बय्यर यांचं घर. वडील सुंदरम अय्यर तिरुचुळी गावात वकिली करत. 1892 मध्ये ते वारले आणि मुलगा शिकायला इथे आला. घर आता रमणाश्रमाकडे आहे. आत जाऊन बसता येतं, कुणी काही विचारत नाही.

घडलं ते एवढंच. जुलै 1896 च्या मध्यावर, काही आजार नसताना, मुलाला एकाएकी मरणाची भीती वाटली. हाक मारायच्या ऐवजी तो आडवा झाला, हातपाय ताठ केले, ओठ घट्ट मिटले, श्वास रोखला. हे शरीर आता मेलं, याला नेतील, जाळतील. पण त्याबरोबर 'मी' मेलो का? शरीर निपचित पडलेलं असताना 'मी' असल्याची जाणीव मात्र तशीच होती. ही काही तर्काने गाठलेली गोष्ट नव्हती, लख्ख समोर दिसली, असं त्यांनी पुढे सांगितलं. ती जाणीव मग कधी गेली नाही.

तोवर या मुलाच्या मनावर ठसलेला धार्मिक ग्रंथ म्हणजे शिवभक्तांच्या चरित्रांचं 'पेरियपुराणम्'. उपनिषदं नाहीत, शांकरभाष्य नाही, गुरू नाही. वेदान्ताचे ग्रंथ नंतर वाचले ते लोक अर्थ विचारायला घेऊन येत म्हणून. आणि वाचताना, आपल्याला जे झालं त्याला हे लोक असं म्हणतात तर, असा उलगडा होत गेला. आधी शब्द आणि मग अनुभवाची वाट पाहणं, हा आपला नेहमीचा क्रम इथे उलटा आहे. या शिकवणुकीला ना विशिष्ट ग्रंथ लागतो, ना दीक्षा, ना आश्रमाचं सभासदत्व. सव्वाशे वर्षांनंतरही ती जुनी वाटत नाही, याचं मोठं कारण मला हेच वाटतं.

मग 29 ऑगस्टचा तो शनिवार. इंग्रजी व्याकरणाचा पाठ शिक्षा म्हणून तिसऱ्यांदा लिहून काढायचा होता. वही बाजूला सारून मुलगा डोळे मिटून बसला. मोठा भाऊ नागस्वामी म्हणाला, अशाला हे सगळं कशाला हवं? टोमणाच होता, पण मुलाला तो पटला. शाळेत विजेचा जादा तास आहे म्हणून तो उठला. भावाने सांगितलं, जाताजाता माझी कॉलेजची फी भर, पेटीतले पाच रुपये घे. मुलाने जुना नकाशा काढून पाहिला. त्यात तिरुवन्नामलाईला सगळ्यात जवळचं स्टेशन तिंडीवनम दिसलं. तीन रुपये पुरतील असा हिशेब करून त्याने दोन रुपये चिठ्ठीसोबत ठेवले.

ती चिठ्ठी चार-पाच ओळींची आहे. पित्याच्या शोधात, त्याच्याच आज्ञेने मी निघालो आहे, अशी सुरुवात. पिता म्हणजे अरुणाचलाचा शिव. पुढच्याच वाक्यात 'मी' गळतो आणि 'हे' येतं : हे एका चांगल्या कामाला लागलं आहे, याच्यासाठी कुणी दुःख करू नये, याच्या शोधात पैसा घालवू नये. शेवटी व्यवहार : तुझी फी भरलेली नाही, दोन रुपये सोबत आहेत. सहीच्या जागी नुसत्या रेघा. मराठी वाचकाला इथे चांगदेवांचं कोरं पत्र आठवल्याशिवाय राहत नाही. फरक असा, की ते मायना काय लिहावा या अडचणीतून कोरं राहिलं होतं. इथे मायना नीट आहे, सही करणाराच निघून गेला आहे.

मदुराईच्या कामाच्या गोष्टी : मीनाक्षी मंदिर दुपारी बंद असतं, चारच्या सुमारास उघडतं. मोबाइल आत नेता येत नाही, बाहेर जमा करून पावती घ्यावी लागते. अंगभर कपडे हवेत, बर्म्युडा घालून आलेल्यांना दारातून परत पाठवतात. हाताशी अर्धा दिवस असेल तर जन्मगाव तिरुचुळी पन्नासेक किलोमीटरवर आहे. तिथलं भूमिनाथाचं देऊळ आणि जन्मघर दोन्ही पाहता येतं.

दुसरा दिवस : विल्लुपुरम, अरकंडनल्लूर, कीळूर

तिंडीवनमचं तिकीट दोन रुपये तेरा आणे पडलं, तीन आणे उरले. गाडीत शेजारी एक मौलवी होते. विल्लुपुरमहून थेट तिरुवन्नामलाईला फाटा जातो हे त्यांच्याकडून कळलं. मुलाकडचा नकाशा जुना, त्यात तो फाटा नव्हता. पहाटे तीनला विल्लुपुरम आलं. उरलेल्या पैशांत पुढचं तिकीट मांबळपट्टूपर्यंतचंच आलं. तिथून दहा मैल पायी.

आज विल्लुपुरम हे मोठं जंक्शन आहे आणि मदुराईहून भरपूर गाड्या आहेत. पुढे काटपाडीकडे जाणाऱ्या मार्गावर मात्र गाड्या मोजक्याच. वेळ जमली तर रेल्वे, नाहीतर तिरुकोइलूरची बस. स्टँडवर पाट्या तमिळमध्ये असतात, तेव्हा गावाचं नाव कंडक्टरला मोठ्याने विचारावं. हिंदीची फारशी मदत होत नाही. तोडकंमोडकं इंग्रजी आणि खाणाखुणा यांवर सगळं निभतं.

अरकंडनल्लूरचं अतुल्यनाथेश्वराचं देऊळ पेन्नार नदीकाठी एका अख्ख्या कातळावर उभं आहे. कातळ भरदुपारी भट्टीसारखा तापतो आणि देऊळही तेव्हा बंद असतं. सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी साडेचारनंतर जावं. आम्ही पोचलो तेव्हा कुलूप होतं. पायथ्याशी शेंगा निवडत बसलेल्या आजींनी नातवाला पुजाऱ्यांकडे पिटाळलं. पुजारी आले, किल्ल्यांचा जुडगा सोडवता सोडवताच विचारलं, "रमणर?" इकडे येणारे परगावचे लोक त्यासाठीच येतात हे त्यांना ठाऊक. खांबांच्या मंडपातली ती जागा त्यांनी बोटाने दाखवली. इथे बसलेल्या मुलाला सगळीकडे झगझगीत प्रकाश दिसला होता. गाभाऱ्यातून येतोय असं वाटून त्याने उठून पाहिलं, तर तसं काही नव्हतं. तेवढ्यात पुजाऱ्यांनी देऊळ बंद करायचं म्हणून त्याला उठवलं.

या कातळावरून हवा स्वच्छ असेल तर अरुणाचलाचा डोंगर दिसतो. सातव्या शतकातल्या ज्ञानसंबंधरांनी इथूनच तो पाहिला, पदं गायली आणि अरुणाचलेश्वराची स्थापना केली, अशी परंपरा आहे. वेंकटरामनला त्या वेळी यातलं काही माहीत नव्हतं.

पुढचा मुक्काम जवळच्या कीळूरचा. इथलं वीरटेश्वराचं देऊळ शंकराच्या आठ वीरस्थानांपैकी एक. अंधकासुराचा वध इथला. देवळातला नैवेद्याचा भात मुलाला द्यायला पुजाऱ्याने नकार दिला, तेव्हा देवळातल्या वाजंत्र्याने आपल्या वाट्याचा दिला. दुसऱ्या दिवशी, 31 ऑगस्टला, गोकुळाष्टमी होती. मुत्तुकृष्ण भागवतर यांच्या घरी पोटभर जेवण मिळालं. कानातल्या सोन्याच्या कुड्या चार रुपयांना त्यांच्याकडे गहाण ठेवल्या, त्यांची किंमत वीसेक रुपये होती. भागवतरांनी पत्ता लिहून दिला. मुलाने चार पावलं पुढे जाताच तो फाडून टाकला. कुड्या सोडवायला परत यायचंच नव्हतं.

तिरुकोइलूरला त्रिविक्रमाचं मोठं वैष्णव देऊळ आहे. वाकडी वाट न करता ते पाहून होतं. आचाऱ्याची टोपी, पाट्या-फलक असला काही थाट नसलेली एक खानावळ बसस्टँडजवळ सापडली. केळीच्या पानावर भात, सांबार, रस्सम, भोपळ्याचं कूट्टू आणि शेवटी ताक. इकडे भात तीनदा वाढतात : सांबाराबरोबर, रस्समबरोबर, ताकाबरोबर. पहिल्यांदाच पोटभर घेतला की पुढच्या दोन वाढपांची पंचाईत होते. पान जेवण झाल्यावर आपल्याकडे दुमडायचं.

तिसरा दिवस : तिरुवन्नामलाई, मोठं देऊळ

तिरुकोइलूरहून पस्तीसेक किलोमीटर. बसच्या खिडकीतून डोंगर बराच आधी दिसायला लागतो. गोळीबंद, एकटा, तांबूस दगडाचा. समुद्रसपाटीपासून उंची आठशे मीटरच्या थोडी वर. आपल्या सह्याद्रीच्या सवयीच्या डोळ्यांना तो काही उंच वाटत नाही. इथे मात्र डोंगर म्हणजे देवाचं ठाणं नव्हे, साक्षात शिव. म्हणून त्यावर चपला घालून चढणारे कमी.

मंदिर पंचवीस एकरांत पसरलं आहे. पंचमहाभूतांच्या शिवस्थानांपैकी हे अग्नीचं. पूर्वेचं राजगोपुर अकरा मजल्यांचं, 66 मीटर उंच. काम कृष्णदेवरायाच्या काळात सुरू झालं. आत शिरल्यावर उजव्या हाताला हजारखांबी मंडप आणि त्याच्या पोटात पाताळलिंग. काही पायऱ्या उतरून जावं लागतं. हवा कोंदट आणि आज तिथे दिवा असला तरी अंधाराची कल्पना येते. तो मुलगा आठवडेच्या आठवडे इथे बसून राहिला. किड्यामुंग्यांनी मांड्या फोडल्या, रक्त-पू वाहिलं, तरी हालचाल नाही. वरून पोरं दगड मारायची. शेषाद्री स्वामी नावाच्या अवलियाने त्यांना अडवायचा प्रयत्न केला. शेवटी काही जणांनी मिळून त्याला उचलून बाहेर काढलं. 1949 मध्ये या जागेचा जीर्णोद्धार झाला आणि त्या वेळचे गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते ती खुली झाली.

या प्रसंगाचं कौतुक जपून करावं. पुढे लोक 'आम्हीही असंच तप करावं का' म्हणून विचारत. रमणांनी कुणालाही असं सांगितलं नाही. उपास नको, मौनव्रत नको, घर सोडणं तर नकोच. मिताहार तेवढा सात्त्विक असावा. घर सोडलं तरी 'मी घरदार सोडलेला संन्यासी' हा नवा 'मी' सोबत येतोच, असं त्यांचं म्हणणं.

देवळाजवळच अय्यनकुळम हे मोठं तळं आहे. आल्या दिवशी डोकं भादरून झाल्यावर मुलाने उरलेले साडेतीन रुपये आणि भागवतरांच्या घरून मिळालेली मिठाईची पुडी या तळ्यात टाकली. जानवंही काढून टाकलं.

दर्शनाला एरवीच्या दिवशी सकाळी लवकर गेलं तर तासाभरात बाहेर पडता येतं. शनिवार-रविवार, पौर्णिमा आणि कार्तिकी दीपम या उत्सवाच्या दिवसांत रांग कित्येक तासांची होते. पौर्णिमेला गावात लाखो माणसं उतरतात. ज्यांना आश्रम शांतपणे पाहायचा आहे त्यांनी पंचांग पाहून पौर्णिमेच्या आगेमागचे दिवस टाळावेत.

चौथा दिवस : रमणाश्रम

देवळापासून दोनेक किलोमीटरवर, चेंगम रस्त्यावर आश्रम. दारात जुनं मोहाचं झाड, आवारात मोर, माकडं, कुत्री. खोली हवी असेल तर दोन-तीन महिने आधी लिहावं लागतं आणि साधारण तीन दिवसच मिळतात. दर ठरलेला नाही, जाताना ज्याने त्याने द्यावं. आश्रमात जागा नसली तर आसपास लॉज आणि घरगुती खोल्या पुष्कळ. ध्यानाला, पारायणाला बसण्यासाठी आश्रमातच राहायला हवं असं नाही.

दिनक्रम असा : सकाळी साडेसहाला रमणांच्या समाधीपुढे दूध, सातला नाश्ता, आठला वेदपारायण, अकराच्या सुमारास साधूंना अन्नदान, साडेअकराला जेवण, चारला चहा-दूध, पाचला पुन्हा वेदपारायण, साडेसहाला तमिळ पारायण, साडेसातला रात्रीचं जेवण. वेळा घड्याळावर चालतात. साडेअकराचं जेवण म्हणजे साडेअकरा. मांडी घालून खाली बसता येत नसेल तर आधी सांगावं, टेबलावर सोय होते.

हा भोजनगृहाचा मुद्दा थोडा थांबून पाहण्यासारखा. रमण असताना याच भोजनगृहात ब्राह्मण आणि इतर अशा वेगवेगळ्या पंगती होत्या, मध्ये आडोसा असे. रमण दोन्हीकडच्यांना दिसतील अशा जागी बसत. दुसरीकडे, पहाटे तीन-चारला उठून याच स्वयंपाकघरात ते स्वतः भाजी चिरत, चटणी वाटत. पानात इतरांपेक्षा घासभर काही जास्त पडलं तर घेत नसत. आलेल्या गाई, कुत्री, माकडं, खारी यांना पंगतीत वाटा असे. लक्ष्मी गाय 1948 मध्ये गेली तेव्हा आवारातच तिची समाधी बांधली, ती आजही आहे. मग आडोसा का चालू दिला? त्यांच्याच एका श्लोकसंग्रहात जुना दाखला आहे : अद्वैत अंतःकरणात असू द्या, व्यवहारात आणू नका. त्याचा अर्थ भक्तमंडळी नाना प्रकारे लावतात. मला विचाराल तर हा या शिकवणुकीतला सर्वांत अवघड सांधा आहे, आणि आश्रमाच्या पुस्तकांत त्यावर पुरेसं बोललं जात नाही. आज पंगत एकच आहे.

आता जुना हॉल. रमण ज्यावर बसत तो कोच इथेच आहे, त्यावर त्यांचं चित्र. दुपारी हॉल बंद असतो. जागा मोजकी, म्हणून पहाटे किंवा पारायण चालू असताना जावं, तेव्हा गर्दी कमी. आत बोलायचं नाही, फोटो नाही. भिंतीकडच्या जागा पाठदुखीवाल्यांना सोडाव्यात.

इथे येऊन करायचं काय, हे फारच थोड्यांना नीट ठाऊक असतं, म्हणून जरा तपशिलात. आत्मविचाराची रीत अशी : विचार उठला की त्याच्या मागे धावायचं नाही आणि त्याला हाकलायचंही नाही. विचारायचं, हा कुणाला आला? उत्तर येतं, मला. मग, हा मी कोण? इथे लक्ष विचारावरून सुटून ज्याला विचार आला त्याच्यावर येतं. पुढचा विचार उठला की पुन्हा तेच. बाकीचे सगळे विचार 'मी' या पहिल्या विचाराला टेकून उभे असतात. तो तपासायला घेतला की टिकत नाही. चितेतली लाकडं ढोसायला घेतलेली काठी शेवटी चितेतच जळते, तसा 'मी कोण' हा विचारही इतर विचार जाळून स्वतः संपतो, हा त्यांचा दृष्टान्त.

फसायला होतं ते ठरावीक ठिकाणी. पहिलं म्हणजे 'मी कोण, मी कोण' असा जप सुरू होतो. जपाने मन एकाग्र होतं, पण त्या एकाग्र झालेल्याचा तपास राहून जातो. दुसरं, प्रश्नाचं उत्तर देऊन टाकणं : मी ब्रह्म आहे, मी साक्षी आहे. हे वाचलेलं उत्तर म्हणजे आणखी एक विचार, आणि तोही कुणाला तरीच आलेला. तिसरी अडचण सगळ्यात फसवी. थोड्या वेळाने मन गप्प होतं, छान वाटतं, वेळ कसा गेला कळत नाही. रमण याला मनाचा लय म्हणत आणि मनाचा नाश यापासून स्पष्ट वेगळा काढत. लय झालेलं मन पुन्हा उठतं. त्यांच्या गोष्टीतला योगी गंगेकाठी समाधी लावण्याआधी शिष्याला पाणी आण म्हणतो. युगं उलटल्यावर डोळे उघडतो तेव्हा पहिला शब्द 'पाणी!' मधल्या काळात मन मेलं नव्हतं, थांबलं होतं. म्हणून शांत वाटायला लागलं की तिथेच सैलावायचं नाही, ही शांतता कुणाला जाणवते हे पाहायचं. प्राणायामाबद्दलही तेच : श्वास आवरला की मन आवरतं, सोडला की सुटतं. सुरुवातीला मदत म्हणून ठीक.

ज्यांना हे जमत नाही त्यांना दुसरा मार्ग शरणागतीचा. दोन्ही एकाच ठिकाणी जातात, असं ते ठामपणे म्हणत. इथे वारकऱ्याला परकं वाटायचं कारण नाही. नामदेवांच्या नामविषयक विवेचनाचा एक इंग्रजी उतारा रमणांना इतका आवडे, की तो जवळ ठेवून ते येणाऱ्यांना वाचायला लावत. पिंडीवर पाय ठेवून पडलेले विसोबा खेचर आणि ते पाय कुठेही उचलून ठेवले तरी खाली पिंडच उगवल्याने गोंधळलेले नामदेव, ही आपल्याकडची गोष्टही ते सांगत.

समाजाचं काय, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. ऑगस्ट 1938 मध्ये राजेंद्र प्रसाद आणि वर्ध्याचे जमनालाल बजाज इथे आले होते. स्वराज्याची इच्छा धरणं योग्य का, असं बजाजांनी विचारलं. रमण म्हणाले त्याचा आशय असा : इच्छेची सुरुवात स्वार्थातून झाली तरी त्यासाठी काम करता करता दृष्टी रुंदावते आणि व्यक्ती देशात विरघळते, असं विरघळणं इष्टच, आणि ते कर्म निष्काम. 'जग मिथ्या आहे, तेव्हा मी काही करत नाही' म्हणणाऱ्यांनी हा संवाद जरूर वाचावा.

पाचवा दिवस : डोंगरावर, स्कंदाश्रम आणि विरूपाक्ष गुहा

आश्रमाच्या मागच्या दारातून दगडी फरसबंदीची वाट वर जाते. चढ सौम्य, पाऊण तासात स्कंदाश्रम. सहा-साडेसहाला निघावं. नऊनंतर दगड तापतात आणि अनवाणी उतरताना हाल होतात. चपला घालायच्याच तर कुणी अडवत नाही. हातात केळी किंवा प्लास्टिकची पिशवी दिसली की माकडं सोडत नाहीत, पाण्याची बाटली सुद्धा पाठपिशवीत. वाटेत एका वळणावर खाली सगळं मंदिर त्याच्या नऊ गोपुरांसकट दिसतं. फोटोवाल्यांची गर्दी तिथेच.

स्कंदाश्रमात 1916 ते 1922 मुक्काम होता. कंदस्वामी नावाच्या भक्ताने जागा खणून, सपाट करून बांधला म्हणून ते नाव. बाजूला झरा आहे. आई अळगम्माळ इथे येऊन राहिली, स्वयंपाक सुरू केला आणि 19 मे 1922 ला तिने इथेच देह ठेवला. तिला डोंगराच्या पायथ्याशी समाधी दिली आणि रमण त्या समाधीपाशी उतरून आले. आजचा आश्रम उभा राहिला तो त्या जागेभोवती. हीच आई 1898 च्या डिसेंबरात मुलाला परत न्यायला आली होती. दिवसेंदिवस रडली. मुलगा मौनात. कुणीतरी कागद-पेन्सिल पुढे केली तेव्हा त्याने लिहिलं : ज्याच्या त्याच्या प्रारब्धाप्रमाणे कर्ता ईश्वर घडवतो; जे व्हायचं नाही ते किती खटपट केली तरी होणार नाही, जे व्हायचं ते कितीही अडवलं तरी टळणार नाही; तेव्हा गप्प राहणं बरं. त्या क्षणी आईला हे वाचून काय वाटलं असेल ते सोडाच. पण तेच गप्प राहणं तिच्या अखेरच्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत तिच्या डोक्यावर आणि छातीवर हात ठेवून बसलं होतं, हेही नोंदवायला हवं.

दहा-पंधरा मिनिटं खाली उतरलं की विरूपाक्ष गुहा. 1899 पासून सोळा-सतरा वर्षं रमण इथे होते. आत मूळच्या विरूपाक्षदेवांची समाधी, हवा उबदार, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला दोन मिनिटं लागतात. उन्हाळ्यात पाणी आटायचं, म्हणून ते जवळच्या आंब्याच्या गुहेत जात. दोन्ही ठिकाणं दुपारी चारच्या सुमारास बंद होतात.

1902 च्या सुमारास महसूल खात्यात नोकरी करणारे शिवप्रकाशम पिळ्ळै इथे आले आणि त्यांनी प्रश्न विचारले. रमण बोलत नसत. उत्तरं बोटाने वाळूत, नाहीतर पाटीवर उमटली. पिळ्ळैंनी ती उतरवून घेतली, 1923 मध्ये छापली गेली. तीच 'नान् यार्', म्हणजे 'मी कोण'. आजच्या प्रचलित रूपात 28 प्रश्नोत्तरं, तासाभरात वाचून होतात. आश्रमाच्या पुस्तकालयात ती वेगवेगळ्या भाषांत आणि अगदी स्वस्त मिळते. एकच पुस्तक घ्यायचं तर हे घ्यावं, आणि जाड संवादग्रंथ नंतर. संवादांत प्रश्न विचारणाऱ्याच्या पात्रतेप्रमाणे उत्तर बदलतं, त्यामुळे सुटी वाक्यं उचलली की परस्परविरोधी वाटतात. समाजमाध्यमांवर फिरणारे 'रमणवचन' नेमके असेच, मागचापुढचा प्रश्न तोडलेले.

शिखराकडे परवानगीशिवाय जाऊ नये, वनखातं अडवतं आणि कारण खरं आहे. डिसेंबर 2024 मध्ये फेंगल वादळाच्या पावसात याच डोंगराची दरड घरांवर कोसळून सात जण गेले.

सहावा दिवस : गिरिप्रदक्षिणा

अंतर 14 किलोमीटर, सगळा डांबरी रस्ता, कडेने पदपथ आणि दिवे. डोंगर उजव्या हाताला ठेवून रस्त्याच्या डाव्या बाजूने चालायचं. डोंगराकडची बाजू सिद्ध-देवतांसाठी मोकळी सोडतात. पहाटे चारला आश्रमापासून निघालं तर ऊन व्हायच्या आत बहुतेक वाट संपते. बिनघाई चाललं तर चार ते पाच तास. रमण 1926 पर्यंत प्रदक्षिणा घालत आणि इतके सावकाश चालत की रात्रभर, कधी दोन-तीन दिवसही लागत.

वाटेत आठ दिशांची आठ लिंगं. आश्रमानंतर यमलिंग, मग चेंगम रस्ता सोडून उजवीकडे वळल्यावर निऋतिलिंग, पुढे वरुण, वायू, कुबेर, ईशान्य. गावात शिरल्यावर इंद्र आणि शेवटी अग्निलिंग. मागच्या बाजूला अडि अण्णामलै हे गाव आणि जुनं देऊळ. तिथून डोंगराचं रूप पार बदललेलं. निम्मी वाट झालेली असते, गरम इडली आणि काचेच्या पेल्यात कॉफी मिळते. कुबेरलिंगाच्या पुढे इडुक्कु पिळ्ळैयार, म्हणजे गणपतीचं छोटं देऊळ : दगडी फटीतून आडवं होऊन, सरपटत पलीकडे निघायचं. खांदे एकदम घातले की अडकायला होतं. एक हात पुढे, एक खांदा आधी, आणि डाव्या कुशीवर. जाडजूड माणसं सुद्धा निघतात, घाबरून श्वास भरून घेणारी अडकतात.

आश्रमाच्या आसपासच्या गल्ल्यांत सत्संगाच्या जाहिराती पावलोपावली आहेत. देशीविदेशी अनेक गुरू 'रमणांच्या परंपरेत' म्हणून बसतात. काही भले असतील. एवढं माहीत असावं की रमणांनी कुणाला औपचारिक दीक्षा दिली नाही आणि गादीचा वारस नेमला नाही. आश्रमाच्या व्यवस्थेसाठी मृत्युपत्र केलं, ते व्यवस्थेपुरतं. डाव्या दंडावरच्या गाठीच्या चार शस्त्रक्रिया 1949 मध्ये झाल्या. भक्त रडायला लागले तेव्हा ते म्हणाले, मी जातो म्हणतात, कुठे जाणार? इथेच आहे. 14 एप्रिल 1950 ला रात्री आठ वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी देह ठेवला. तेव्हा 'मी त्यांचा अधिकृत शिष्य' असं सांगून शुल्क मागणारा भेटला तर पाकीट खिशातच राहू द्यावं.

तळपायांबद्दल : सवय नसेल तर आठव्या-नवव्या किलोमीटरपासून चटके आणि बारीक खडी जाणवते. काही जण मोजे घालतात, ते ओले झाले की उलट फोड येतात. चपला कापडी पिशवीत जवळ ठेवाव्यात आणि गरज पडली तर सरळ घालाव्यात. परतीची चेन्नईची बस दुपारनंतरची धरावी, प्रदक्षिणेच्याच सकाळची नको.